मदत हवी: बुद्धिबळातल्या क्वीन्स गॅम्बिट एक्सचेंजमध्ये (डी5 वर प्यादी लवकर बदलली जातात ती सुरुवात) काळ्याने प्यादं बी5 ला कधी न्यायचं?

मंडळी, गेल्या शनिवार-रविवारी इथे बडोद्यात स्पर्धा खेळलो (90 मिनिटं, चालीमागे 30 सेकंद). चौथ्या फेरीत काळी मोहरी, समोर मांडवीकडचे एक निवृत्त काका. डाव असा:

डी4 डी5, सी4 ई6, घोडा सी3 घोडा एफ6, सी×डी5 ई×डी5, उंट जी5 उंट ई7, ई3 सी6, उंट डी3 घोडा बीडी7, वजीर सी2 किल्लेकोट, घोडा एफ3 हत्ती ई8, किल्लेकोट घोडा एफ8, हत्ती एबी1 ए5, ए3 घोडा जी6, बी4 ए×बी4, ए×बी4 बी5.

पांढऱ्याचा मायनॉरिटी अटॅक, म्हणजे बी-प्यादं बी5 पर्यंत रेटून माझं सी6 चं प्यादं खिळखिळं करणं. ते अडवायला मीच बी5 केलं. सी6 मागे राहतं खरं, पण घोडा सी4 वर बसला की ते झाकलं जातं, असं डोक्यात होतं.

काकांनी ताबडतोब उंट×एफ6 केलं, मी उंटानेच परत घेतलं. आता सी4 वर जाणार कोण? उरलेला घोडा जी6 ला. ई5 मधून दोनच चाली, पण तिथे डी4 चं प्यादं आणि एफ3 चा घोडा टपलेले. एफ8-डी7-बी6 असा वळसा घातला तर चार चाली. तोवर त्यांनी सी-फाइलवर (सी च्या उभ्या पट्टीवर) हत्ती लावले, 31व्या चालीला सी6 गेलं आणि 52व्या चालीला हार मानून मी हात पुढे केला.

नंतर सेव-उसळ खाताना काका म्हणाले, "अरे, घोडा डी7 वर असतानाच बी5 करायचं. तिथून बी6, मग सी4." पण मग घोडा एफ8 हा पुस्तकी बेत सोडायचा का? की बी5 चा नादच सोडून, अकराव्या चालीलाच घोडा ई4 करून उंट मारामारी करायची आणि राजाच्या बाजूला खेळायचं? इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) सगळ्यालाच 'पांढरा थोडा बरा' म्हणतं, कारण विचारलं तर गप्प.

1927 साली कापाब्लांका-अलेखाइन जगज्जेतेपदासाठी 34 डाव खेळले, त्यातले 32 क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड (एक्सचेंज हा त्याचाच एक फाटा). एवढ्या ढिगातून या प्याद्यांच्या मांडणीसाठी नेमका कुठला डाव बघू? नवा कुणाचा असेल तरी चालेल, फक्त काळ्याने बी5 करून निभावून नेलेला हवा.

पूर्ण स्कोअरशीट हवी असेल तर टाकतो. 38व्या चालीनंतरचं अक्षर मात्र मलाच लागत नाहीये.