कदर होते, पण कुणाची आणि कधी?

चांगल्या कामाची लोक शेवटी कदर करतातच, असं म्हणतात. मला नाही पटत. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. ते घरी उतरले तर घरच्यांवरही बहिष्कार! म्हणजे सख्ख्या भावालाही दार उघडायची चोरी. त्यांनाच १९५८ साली, शंभरीत, भारतरत्न मिळालं. पासष्ट वर्षांनी.

आणि ज्यांच्याशी त्यांनी हे लग्न केलं, त्या गोदूबाई? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या त्या विधवा विद्यार्थिनी. लग्नाला होकार देताना त्यांनी पत्करलेला धोका कर्व्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हता. तरी धाडसाचं सगळं श्रेय आपण अजूनही एकट्या कर्व्यांनाच देतो, याचं मला फार वाईट वाटतं.