गोलसर चालतं, मग चौकोनसर का नाही?

धागा
बहिणीला नारळाच्या वड्यांची कृती लिहून पाठवताना अडले. मिश्रण ताटात थापायचं, सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. मधल्या वड्या नीट येतात, पण ताट गोल, म्हणून कडेच्या वड्यांची एक बाजू वळलेली. ‘चौरस’ लिहायला हात धजेना, कारण चौरसाला चारही बाजू सारख्या लागतात आणि कोन काटकोन. ‘चौकोनी’ म्हणावं तर शाळेच्या पुस्तकात पतंगही चौकोनच, समलंबही चौकोनच. आपल्याकडे लालसर आहे, गोलसर आहे, लांबट आहे. मग साधारण चौरस दिसणाऱ्या गोष्टीला चौकोनसर का म्हणू नये? मला हा शब्द हवाय.

प्रतिसाद १
नको. ते ‘साधारण’ चौकोनीमध्येच आहे. रुमाल चौकोनी, पाट चौकोनी, चेहरासुद्धा चौकोनी. पट्टी घेऊन कोण मोजतं? पोळी गोल आणि लाडूही गोल, भूमितीत मात्र एक वर्तुळ नि दुसरा गोल. शिवाय चौरस हा शब्द संस्कृत चतुरस्रवरून आला, म्हणजे मुळात चार कोपऱ्यांचा, एवढंच. भूमितीची व्याख्या ताटात आणू नका.

प्रतिसाद २
मी बांधकामावर असतो. खोली चौकोनी आहे म्हटलं की गवंडी लगेच विचारतो, “गुण्यात आहे का?” कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. तिरकं माप बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात, म्हणजेच गुण्यात. नाही भरलं तर फरशीच्या शेवटच्या ओळीत पाचरीसारखे तुकडे कापत बसा. काटेकोरपणाला शब्द आहे, तो वापरा. बाकीच्याला चौकोनी पुरतं.

धागाकर्ती
गुण्या पटला. पण १० बाय ११ची खोली आणि १० बाय २०ची खोली, दोन्ही चौकोनी, दोन्ही गुण्यात. पलंग कसा बसेल हे ऐकणाऱ्याला कुठे कळलं? मी त्याबद्दल बोलतेय.

प्रतिसाद ३
तुमची गरज खरी आहे, शब्द मात्र कानाला खटकतो. ‘सर’ लागतो तो विशेषणाला: ओला, पिवळा, गोल. चौकोन हे नाम. ‘जवळजवळ चौरस’ म्हणा, कुणाचंच अडत नाही.

धागाकर्ती
व्याकरण मान्य. पण बहिणीला मी चौकोनसरच लिहिलं होतं. अर्थ विचारायला तिचा फोन आला नाही. वड्यांचा फोटो आला, कडेच्या वड्यांसकट.