बंद पडलेला व्यायाम पुन्हा कसा सुरू करावा? (भुसावळ, तीन शिफ्टची ड्युटी, मनासाठीची गोळी चालू)

तापीकाठ
राम राम मंडळी. वय ४६, वजन ८४ किलो, उंची ५ फूट ६ इंच. दर आठवड्याला शिफ्ट बदलते: सकाळ, दुपार, रात्र. ब्लड प्रेशरची एक गोळी आधीपासून आहे. झोप तुटक, कशात मन लागत नाही, चिडचिड होते. मानसोपचार तज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम १० (उदासीवरची गोळी, १० मिलिग्रॅम) सुरू केली आणि सोबत व्यायाम करायला सांगितलं. पूर्वी व्यायाम होता, मग कित्येक वर्षं बंद. पुन्हा सुरू केला की आठ-दहा दिवसांत गुडघा नाहीतर टाच धरते आणि सगळं थांबतं. आता मार्च संपत आलाय, ऊन वाढणार. सुरुवात नेमकी कितीने करू? रात्रपाळीच्या आठवड्यात काय? आणि ज्या दिवशी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही त्या दिवशी काय करायचं? कृपया "हळूहळू वाढवा" एवढंच सांगू नका, आकडे सांगा.

मेहरूण_ट्रॅक
भाऊ, आठ-दहा दिवसांनी दुखणं येतं ते योगायोगाने नाही. पुन्हा चालायला लागल्यावर दम सगळ्यात आधी सुधारतो, स्नायू त्याच्या मागे दोन-तीन आठवड्यांनी. पण गुडघ्याची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि टाचेखालची पट्टी यांना तयार व्हायला महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात दम लागेनासा होतो, माणसाला वाटतं जमलं, तो वेग वाढवतो, अंतर दुप्पट करतो आणि जो भाग अजून तयारच नाही तो धरतो. म्हणून पहिले सहा आठवडे अंगात किती जोर वाटतोय ते बघू नका, घड्याळ बघा.

पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस. दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १५, चौथ्यात २०, पाचव्यात २५, सहाव्यात ३०. मग ३० मिनिटं आठवड्यातून पाच दिवस झाली की १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय. मध्यम म्हणजे चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. बोलताना वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. शेवटची तीन-चार मिनिटं संथ चाला, एकदम थांबू नका. प्रेशरच्या गोळ्या चालू असताना एकदम थांबलं की चक्कर येण्याची शक्यता वाढते.

ताकदीचा व्यायाम लोक सोडून देतात आणि गुडघा तिथेच फसतो. मांडीचे स्नायू कमजोर असले की चालण्याचा भार सांध्यावर जास्त येतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस ८ वेळा, भिंतीला हात लावून जोर ८ वेळा, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं १० वेळा, आणि पाच किलो धान्याची पिशवी कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलणं ८ वेळा. असे दोन फेरे, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. "अजून दोन-तीन जमले असते" असं वाटत असतानाच थांबायचं. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की प्रेशर झटक्यात वर जातं. जुन्या सवयीने पहिल्याच दिवशी ५१ सूर्यनमस्कार किंवा शंभर बैठका घालू नका. सूर्यनमस्कार आवडत असतील तर चार, तेही सावकाश.

दुखण्याचा हिशोब असा: व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत दोन्ही पायांच्या मांसल भागात ठणका लागणं नेहमीचं आहे, ते आपोआप जातं. एकाच बाजूला, सांध्यात, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल, तर वेळ निम्मी करा, पण पूर्ण बंद करू नका. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर अनवाणी फरशीवर उतरू नका. उठण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरा, तीन वेळा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थांबूनही न ओसरणारा दम, असं काही झालं तर चालणं तिथेच थांबवून दवाखाना. सुरू करण्याआधी एकदा प्रेशर आणि साखर तपासून घ्या. प्रेशर १६०/१०० च्या वर राहत असेल तर आधी ते ताब्यात आणा.

पांझरा_धुळे
वरचं सगळं पटलं. मी मनाच्या बाजूचं लिहिते, कारण प्रश्न मुळात तिथून आलाय.

उदासीत इच्छा आधी येत नाही. "बरं वाटलं की जाईन" असं ठरवलं तर जाणं होतच नाही, कारण बरं वाटणं हे जाऊन आल्यावर येतं. उदासीवरच्या उपचारांत कृती आधी आणि इच्छा मागून, हेच तत्त्व वापरतात. त्यासाठी दोन मापं ठरवा. एक नेहमीचं, मेहरूण भाऊंनी दिलेलं. दुसरं अगदी तळाचं: बूट घालून दाराबाहेर पाच मिनिटं. ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी फक्त तळाचं माप, आणि ते पूर्ण झालं म्हणूनच मोजायचं. पाच मिनिटांनी परत यावंसं वाटलं तर खुशाल यावं. "आज निदान अर्धा तास तरी" असा हट्ट धरला की तो दिवस जातो, आणि त्याबरोबर दुसराही.

वेळ ठरवताना एक गोष्ट बघा. अनेकांची उदासी सकाळी सगळ्यात जड असते आणि दुपारनंतर थोडी उतरते. तुमचं तसं असेल तर पहाटेचा व्यायाम ठरवून रोज स्वतःला नापास करू नका, संध्याकाळ घ्या. पहाटे जमतच असेल तर मात्र उत्तम. उठल्यावर तासाभरात उघड्यावरचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते.

वहीत रोज दोनच आकडे लिहा: चालण्याआधी मन किती (० ते १०) आणि चालून आल्यावर किती. एकेका दिवसाचा अर्थ लावू नका, दोन आठवड्यांनी पान उघडा. आल्यावरचा आकडा एकानेही वर असेल तरी ते खरं आहे. एका वेळच्या चालण्याचा असर काही तास टिकतो. मूळ मनःस्थिती बदलायला कित्येक आठवडे सातत्य लागतं. एस्सिटॅलोप्रॅमचाही परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. व्यायामाने बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केली की गरगरणं, अस्वस्थपणा, झोपमोड होऊ शकते, आणि माणूस समजतो आजार उलटला.

चहाबद्दल. पोटात गेलेल्या कॅफिनमधलं निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. झोपेच्या वेळेच्या आधी सहा तास चहा बंद. दिवसात सहा-सात कप असतील तर दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. एकदम सोडला तर डोकं दुखतं आणि चिडचिड वाढते. तंबाखूने "डोकं शांत होतं" असं वाटतं. खरं तर आधीच्या पुडीची तलफ तेवढ्यापुरती मिटते आणि नाडी-प्रेशर मात्र वाढतं. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा सरकारी क्रमांक आहे.

जगण्याचा कंटाळा आला, संपवावं असे विचार येत असतील तर व्यायामाची वाट बघू नका. टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

दादर_ज्वारी
उन्हाचं मी सांगतो, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो आणि पुण्या-मुंबईचे सल्ले इथे चालत नाहीत.

मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. दिवसातला सगळ्यात थंड वेळ तोच. सव्वापाचला निघून सहापर्यंत परत या. सूर्य बुडाला म्हणजे गारवा आला असं समजू नका. डांबर, भिंती, गच्ची दिवसभर तापलेल्या असतात आणि रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहतात. संध्याकाळी चालायचंच तर झाडं किंवा पाणी असलेली, कच्च्या जमिनीची वाट बघा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून पारा चढू लागला की चार दिवस वेळ निम्मी करा आणि मग परत वाढवा. थंड ठेवलेल्या कारखान्यातून किंवा एसीतून आलात तर सवय झालेली नसते, हे विसरू नका.

घरात कूलर लावून व्यायाम करत असाल तर समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद ठेवली की दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही आणि अंग तापतं. पहिला पाऊस पडल्यावर कूलरचा उपयोग तसाही संपतो.

गोळ्यांचं नीट ऐका. प्रेशरची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उन्हाळ्यात पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडू शकतं. डॉक्टरांना विचारून घ्या. लिथियम (मनःस्थितीच्या आजारावरचं औषध) घेणारं कुणी हे वाचत असेल तर, घामाने पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि हात थरथरणं, उलट्या, झोकांड्या सुरू होतात. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी घामही कमी येतो. अशांनी मेमध्ये दुपारी बाहेर श्रम करूच नयेत. कोणीही उन्हात बरळायला लागलं, गोंधळलं, तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका.

खाण्याचं थोडक्यात. चालण्याआधी एक केळं पुरे, रावेर-यावलला तर त्याची कमी नाही. आल्यावर मीठ घातलेलं ताक; प्रेशर असेल तर मीठ चिमूटभरच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मापाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलं तर ८४ किलोला साधारण ७० ग्रॅम होतं. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा ती बरी. वर वाटीभर डाळ, दही, मूठभर शेंगदाणे किंवा दोन अंडी. शेवभाजी सोडा असं म्हणणार नाही, पण ती रात्री अकराला नको. तेल-तिखट पोटात ठेवून आडवं झालं की आम्ल वर येतं, झोप मोडते आणि सकाळचं चालणं जातं. दुपारच्या जेवणात घ्या, रात्री खिचडी-कढी.

सावदा_घरून
मध्येच विचारते. एकत्र कुटुंब आहे, पहाटे एकटीने रस्त्यावर जाणं जमत नाही. घरकाम दिवसभर असतं, मग तोच व्यायाम धरायचा का? मनाला मात्र हलकं वाटत नाही.

पांझरा_धुळे
ताई, शरीराच्या हिशोबात घरकाम हालचालीत धरतात, आणि त्याने फायदाही होतो. पण मनासाठी ते पुरत नाही, कारण त्यातली एकही मिनिटं तुमची नसतात. कोणीतरी हाक मारतं आणि काम तुटतं. म्हणून वेळ थोडी असली तरी सलग आणि ठरलेली हवी.

ओट्याची किंवा जिन्याची एक पायरी घ्या, १५ ते २० सेंटिमीटर उंचीची. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. दोन मिनिटं करा, एक मिनिट जागेवर संथ चाला, असं चार वेळा, म्हणजे १२ मिनिटं. दोन मिनिटांनी पाय बदलून सुरुवात डाव्याने करा, नाहीतर एकाच गुडघ्यावर भार येतो. पूर्ण तळवा पायरीवर टेकला पाहिजे. नुसता चवडा टेकवला तर पोटरी धरते. साडीचा घोळ वर खोचा किंवा ड्रेस घाला, पायरीवर अडकून पडण्याचा धोका खरा आहे. घरच्यांना "मी व्यायाम करते" असं मोघम सांगण्यापेक्षा "साडेपाच ते पावणेसहा मी गच्चीवर आहे" असं सांगा. ठरलेली वेळ लोक लवकर मानतात. जमलं तर जावेला बरोबर घ्या.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. रात्रपाळी, आणि पुढे अखजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, त्यात आठ-पंधरा दिवस जाणारच. मग पुन्हा पहिल्यापासून?

मेहरूण_ट्रॅक
रात्रपाळी करून आल्यावर व्यायाम नको. शरीर जागं होतं, झोप पुढे जाते, आणि उन्हाळ्यात तोवर ऊनही चढलेलं असतं. सकाळच्या उजेडाने झोप उडू नये म्हणून घरी येताना गॉगल लावा, पण गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर आधी थांबा. खोली काळोखी करून पाच-सहा तास झोप, आणि ड्युटीला जाण्याआधी आणखी तास-दीड तास. व्यायाम या संध्याकाळच्या झोपेनंतर, ड्युटीच्या आधी, मेमध्ये घरातच. त्या आठवड्यात वेळ वाढवायची नाही, आदल्या आठवड्याची तेवढीच ठेवायची, आणि ताकदीचा व्यायाम दोनऐवजी एकदा. रात्रीचा चहा ड्युटीच्या पहिल्या निम्म्या भागात संपवा. भरपेट जेवण ड्युटीआधी घ्या; रात्री दोन-तीनला भूक लागली तर भाजलेले चणे किंवा दहीभात. शिफ्ट बदलून मागता येत असेल तर सकाळ, दुपार, रात्र असा क्रम मागा. उलट्या क्रमाशी शरीराला जुळवून घेणं जड जातं.

खंडाचं असं करा. चार दिवसांपर्यंत खंड पडला तर जिथे होता तिथूनच चालू. आठवडाभर गेला तर पहिले दोन दिवस निम्मी वेळ, मग जुनी. दोन-तीन आठवडे गेले तर दोन आठवडे मागच्या मापावर या, म्हणजे पाचव्यात असाल तर तिसऱ्यात. महिन्यापेक्षा जास्त गेलं तरच पहिल्यापासून. बुडालेले दिवस भरून काढायला एका दिवशी दुप्पट करू नका, तुमचं गुडघ्याचं दुखणं असंच सुरू होत असावं. लग्नघरी असाल तर पाहुणे उठायच्या आत तळाचं माप, पाच मिनिटं. ताप आला असेल तर ताप उतरल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग निम्म्या वेळेने सुरुवात.