आततायी म्हणजे नेमका कोण? तुमचे अनुभव लिहा

मुलीने दुसरी नोकरी हाताशी नसताना पहिलीचा राजीनामा दिला, तेव्हा ‘हा आततायीपणा आहे’ असे मी तिला म्हणालो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी बसलेल्या आणि आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या काकांनी पानाचा डबा बंद करून मला विचारले, “का रे, तिने कोणाचे घर पेटवले?”

आतत म्हणजे ताणलेले. धनुष्य ताणून जीव घ्यायला आलेला तो आततायी, असा मूळ अर्थ आहे. स्मृतिकारांनी त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि परस्त्रीला पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना हाच शब्द लावतो. मराठीने मात्र त्यातला अविचारी वेग तेवढा ठेवला असावा, असे मला वाटते. हा शब्द किंवा त्याचे उतावळा, हडबड्या असे भाऊबंद तुमच्या वाट्याला केव्हा आले, ते अवश्य लिहावे.

काटोलचा, सध्या नागपुरात

आंबिया बहाराच्या संत्र्यांना भाव चढल्याचे ऐकून मी वडिलांना न विचारता तोडणी करून घेतली. आंबा आढीत पिकतो, तसे संत्रे झाडावरून उतरवल्यावर गोड होत नाही, हे ठाऊक असूनही मी ते केले. कळमन्याच्या बाजारात अडत्याने एक फळ सोलले, एक फोड तोंडात टाकली आणि काही न बोलता उरलेले फळ माझ्या तळहातावर ठेवले. मी घरी स्वतःला आततायी म्हणवून घेतले, तर वडील म्हणाले, “आततायी लोकाचं नुकसान करते. तू उतावळा आहेस.”

धरमपेठ

नवीन सून होते तेव्हा माझ्या भरभर चालण्याला सासूबाई हडबड म्हणत असत. पुढे त्यांच्या लेकीच्या लग्नात मी तशीच धावले, तेव्हा त्याच हडबडीचे नाव लगबग झाले.

एक निवृत्त अभियंता

‘घिसाडघाई’ या शब्दाविषयी माझी तक्रार आहे. लहानपणी आमच्या गावाबाहेर घिसाड्यांचे पाल पडत असे आणि मी विळा शेवटून, म्हणजे धार काढून, घ्यायला जात असे. म्हातारा भाता चालवून लोखंड लाल करी, ते सांडशीने ऐरणीवर धरी आणि त्याची बायको घण मारी. लाली उतरून लोखंड काळे पडले की पुन्हा तापवावे लागे, म्हणून त्यांना काही क्षणांतच घाव घालावे लागत. पण एकही घाव चुकीच्या जागी पडलेला मला आठवत नाही. पुढे नोकरीत मार्चअखेर निधी संपवण्यासाठी रात्रीतून उरकलेले रस्ते मी पाहिले. त्या कामाला घिसाड्यांचे नाव देणे मला अन्यायाचे वाटते.

संस्कृतची शिक्षिका

संस्कृतात ‘सहसा’ म्हणजे एकाएकी, अविचाराने. मराठीत तोच शब्द ‘साधारणपणे’ या अर्थी स्थिरावला आहे. संस्कृत कवी भारवीच्या ‘सहसा विदधीत न क्रियाम्’ या चरणाचा अर्थ मी विचारला, तेव्हा एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, ‘काम सहसा करू नये.’ वर्गातल्या बाकीच्यांना तो अर्थ मनापासून पटला.