मँडोलिनने फिडलची नक्कल का करावी?

तारकरी: ‘व्हिस्की बिफोर ब्रेकफास्ट’ ही उत्तर अमेरिकेतली फिडलची, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, धून वर्षभर मँडोलिनवर घोटतोय. माझं मत झालंय की ती फिडलवाल्यांसारखी वाजवायला जाणं हीच चूक. दोन्ही वाद्यं जी-डी-ए-ई अशीच लागतात, म्हणून बोटं तीच पडतात आणि आपण फसतो. गजाच्या एका ओढीत चार सूर बांधता येतात. पिकने, म्हणजे आपल्या नखीनेच म्हणा, प्रत्येक सूर वेगळा छेडावा लागतो. मग गजाचं सोंग कशाला?

पडदेवाला: सोंग नको, पण ऐकाल तरी? नुसत्या खाली-वर पिकने ही धून लाह्या फुटल्यासारखी वाजते. सुरुवातीलाच सा-रे-ग-म-प असं चढायचंय, त्यात वजन कुठे द्यायचं हे फिडलवाल्याकडूनच कळतं. बिल मन्रोने मँडोलिन ब्लूग्रासमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या तंतुवाद्यांच्या लोकसंगीतात, पुढे आणलं, पण केंटकीत पोरवयात तो नाचाच्या कार्यक्रमांत फिडल वाजवणाऱ्या सख्ख्या मामाला, पेन व्हँडिव्हरला, गिटारची साथ करायचा.

तारकरी: मामाचं ऐकलं, मामाचा गज नाही उचलला.

सुरंगी: तुम्ही दोघं ‘फिडलवाला’ म्हणताय तो कुठला? या धुनेचा कर्ता नक्की नाही. कॅनडात मॅनिटोबाच्या अँडी डी जार्लिस या मेटी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या, वादकाचं नाव घेतात, कुणी आयरिश धुनांशी नातं जोडतात. मेटी फिडलमध्ये वादक बसल्या जागी दोन्ही पायांनी ठेका धरतो, ओळीही कधी मात्राभर लांबतात. ब्लूग्रासवाला तीच धून कापून सरळ करतो. ‘पारंपरिक’ लिहून मोकळं झालं की हा फरकच पुसला जातो.

पडदेवाला: हे पटलं. आपल्याकडेही ‘पारंपरिक बंदिश’ छापतात आणि कुठल्या घराण्याच्या अंगाने गायची ते गुलदस्त्यात.

तारकरी: बंदिशीला गुरू असतो हो. इथे कर्ताच नक्की नाही, म्हणजे मला मोकळीक!

सुरंगी: उलट जबाबदारी वाढते. बरं, सूर लांबवायचा असतो तिथे काय करता? ट्रेमोलो, म्हणजे तोच सूर भराभर छेडत राहणं?

तारकरी: छे, गुळमट लागतो. शेजारची मोकळी तार सोबत छेडतो, दोन्ही मिळून घुमतात.

पडदेवाला: दोन तारा एकदम? अहो, फिडलवाले हेच तर करतात!

तारकरी: …माझ्या हाताला आपोआप सुचलं होतं.