शब्दचर्चा : ट्यूनरवर केंद्र 'लावायचे' की 'जुळवायचे'?

अनुवादिनी :
आमच्या वाचनालयाला एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून जुना स्टिरिओ ट्यूनर (रेडिओ केंद्रे पकडणारे यंत्र), अ‍ॅम्प्लिफायर आणि ध्वनिमुद्रिकांचा संग्रह भेट मिळाला आहे. श्रवणकक्षात येणाऱ्या कोणालाही ट्यूनर हाताळता यावा म्हणून त्याच्या शेजारी ठेवायचा मराठी सूचनाफलक मी लिहीत आहे. दर्शनी पट्टीवर पॉवर, दोन लहान मीटर, एफएम म्यूटिंगचा खटका, मोनो–स्टिरिओचा खटका, बँड निवडण्याचे बटण आणि उजव्या टोकाला ट्यूनिंगचे मोठे गोल बटण आहे. 'ट्यून करा' यासाठी मी 'केंद्र लावा' असे लिहिले होते. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ते खोडून 'केंद्र जुळवा' असे केले, कारण त्यांच्या मते 'लावणे' म्हणजे केवळ सुरू करणे होय. दुसरी अडचण म्यूटिंगची आहे. 'आवाज बंद' असे लिहिल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल होईल, पण नेमका शब्द मला सापडत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्वरसाधक :
'लावा' हाच शब्द ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे तंबोरा 'लावतात', तेव्हा तो कोणी सुरू करत नाही. खुंट्या पिळून आणि मणी सरकवून तारा सुरात आणतात. तंबोरा नीट लावला की 'सूर लागला' असे आपण म्हणतो, आणि बटण फिरवता फिरवता आवाज स्वच्छ झाला की 'पुणे लागले' असेही म्हणतो. 'लावणे' आणि 'लागणे' ही जोडी माणसाची कृती आणि यंत्राचा प्रतिसाद अशा दोन्ही बाजू सांभाळते. 'जुळवणे' या क्रियापदाला लग्नाची आणि हिशेबाची संगत अधिक आहे.

भाषाव्रती :
स्वरसाधकांचा दाखला सुंदर आहे, पण तो अपुरा आहे. 'दिवा लावला', 'पंखा लावला', 'रेडिओ लावला' या तिन्ही प्रयोगांत 'लावणे' म्हणजे चालू करणेच होय. एकच क्रियापद पॉवरच्या आणि ट्यूनिंगच्या बटणालाही वापरले, तर सूचनाफलकाचा हेतूच फसतो. शिवाय, फलक मराठी करायचा असेल तर तो पुरता मराठी करावा. ट्यूनिंगसाठी 'मेलन', बटणासाठी 'कळ' आणि आकड्यांच्या पट्टीवर फ्रिक्वेन्सीसाठी 'कंप्रता' असे शब्द लिहावेत. मराठी विश्वकोशाने 'कंप्रता' हा शब्द सातत्याने वापरला आहे.

विदर्भवासी :
शाळेच्या पुस्तकात मुले 'वारंवारिता' शिकतात आणि विश्वकोश उघडला की 'कंप्रता' वाचतात; त्यात आता फलकाची भर नको. ऐकणाऱ्याला आकडा आणि एकक पुरते. आमच्याकडे नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लागते, हे सांगताना वडिलांनी यांपैकी कोणताच शब्द कधी वापरला नाही. ते फक्त 'काटा साठाच्या जरा अलीकडे आण' असे म्हणत, कारण जागा वाचवण्यासाठी पट्टीवर ६०० ऐवजी ६० छापलेले असे. निवेदक मात्र आधी तरंगलांबीचे मीटर आणि मग किलोहर्ट्झ सांगत. तीन लाखांना किलोहर्ट्झने भागले की मीटर मिळतात, म्हणून पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७८.८ मीटर.

गोंयकार :
'कळ' शब्दाबद्दल आदर राखून सांगतो, 'कळफलक' या शब्दात ती दाबायची असते. इथले बटण फिरवायचे आहे. गोव्यात आमची आजी रेडिओच्या गोल बटणाला 'चावी' म्हणत असे. हा शब्द पोर्तुगीज 'शावी'वरून आला, आणि मुंबईतही नळाची चावी फिरवतातच. चार शतकांपूर्वीचा परकीय शब्द चालतो आणि कालचा 'ट्यूनिंग' चालत नाही, ही शुद्धतेची कसोटी मला मान्य नाही.

भाषाव्रती :
शब्द परका असल्यास तो पिढ्यान्पिढ्या वापरून आपल्या व्याकरणात मुरलेला असावा, एवढीच माझी अट आहे. 'चाव्या', 'चावीने', 'चावी दिली' अशी सगळी रूपे आपण सहज करतो. 'ट्यूनिंग'चे अनेकवचन कोणी करून दाखवावे.

कारागीर :
मी अनेक वर्षे रेडिओ आणि ट्यूनर दुरुस्त करत आलो आहे, म्हणून आधी ते बटण काय करते ते मांडतो. या बटणामागे बहुधा जड चाक असते, त्यामुळे बोटाने झटका दिला की काटा पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरसर जातो. मात्र शेवटचा केसभर प्रवास सावकाश करावा लागतो, आणि तिथेच दोन मीटरांचे काम सुरू होते. पहिला मीटर सिग्नलचा जोर दाखवतो. त्याचा काटा जितका उजवीकडे जाईल तितके चांगले. दुसरा मीटर फक्त एफएमसाठी असून त्याचा काटा बरोबर मध्यावर आणायचा असतो. केंद्राच्या अलीकडे असताना तो एका बाजूला झुकतो आणि पलीकडे गेल्यावर दुसऱ्या बाजूला. कोणतेही केंद्र नसताना मात्र तोच काटा आपोआप मध्याजवळ विसावतो, म्हणून एकट्या मध्यकाट्यावर विश्वास ठेवणारा माणूस फसतो. मिडियम वेव्हवर हा काटा उपयोगाचा नाही. तिथे जोराचा काटा आणि कान हेच साधन. ही दुहेरी तपासणी ज्या शब्दात मावेल तो शब्द मला चालेल. आमच्या दुकानात आम्ही 'स्टेशन बसवणे' म्हणतो.

स्वरसाधक :
'बसवणे' मला मनापासून आवडले! त्यात ती शेवटची सूक्ष्म हालचाल आली. तरीही भाषाव्रतींच्या आक्षेपाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. 'रेडिओ लावला' आणि 'रेडिओवर पुणे लावले' ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याचा कधीच गोंधळ होत नाही, कारण कर्म बदलताच अर्थ बदलतो. फलकावर 'केंद्र लावा' असे कर्मासह लिहिले, तर आक्षेपाला जागा उरत नाही.

भाषाव्रती :
वाक्यात कर्म येते, हे मान्य. परंतु बटणाच्या शेजारी चिकटवण्याच्या चिठ्ठीवर एकच शब्द मावतो आणि तिथे नुसते 'लावा' निरर्थक होईल. तेव्हा नाम हवे, आणि 'मेलन'ला पर्याय म्हणून 'जुळणी' हा अस्सल मराठी शब्द आहे. 'बसवणे' हे दुकानात शोभते, पण वाचकाला तिथे नवी वस्तू बसवायची आहे असे वाटेल.

अनुवादिनी :
सर्वांचे आभार. तथापि म्यूटिंगचा प्रश्न मागेच राहिला. 'निःशब्द', 'मौन' आणि 'शांतता' असे तीन शब्द मला सुचले आहेत.

कारागीर :
तिन्ही टाळावेत, ताई. तो खटका चालू असताना दोन केंद्रांमधली खरखर दाबली जाते, पण त्याच वेळी लांबचे क्षीण केंद्रही गिळले जाते. म्हणून कमजोर केंद्र शोधताना तो बंद करायचा असतो, आणि 'निःशब्द बंद करा' असे वाचून कोणालाही काही उमजणार नाही. 'खरखर रोखा' असे लिहावे आणि खाली 'दूरचे केंद्र शोधताना हा खटका बंद ठेवावा' अशी ओळ द्यावी. स्टिरिओत फुसफुस येत असेल तर मोनोवर न्यावे, हेही लिहावे. डाव्या-उजव्या आवाजातला फरक वाहून नेणारा भाग क्षीण केंद्रावर फार फुसफुसतो आणि मोनो करताच तो वगळला जातो. काही ट्यूनरांत मोनो आणि म्यूटिंग एकाच खटक्यावर असतात, म्हणून आपल्या यंत्रावर काय आहे ते आधी पाहावे. या ट्यूनरला आवाजाचे बटण नाही, ते अ‍ॅम्प्लिफायरवर आहे, हे तर सर्वांत वर ठळक लिहावे. नाहीतर लोक आवाज वाढवायला ट्यूनिंगचेच बटण फिरवतील आणि लागलेले केंद्र घालवतील.

गोंयकार :
'खरखर रोखा' उत्तम आहे. मात्र त्या खटक्याला 'खटका'च म्हणावे, 'कळ' नव्हे.

भाषाव्रती :
खटक्याला माझी हरकत नाही, कारण त्याचा आवाजच त्याचे नाव आहे. फिरणाऱ्या बटणाला मात्र 'चावी' म्हटल्यास वाचनालयात येणारे मूल किल्ली शोधत बसेल. तिथे 'कळ'च योग्य आहे, आणि 'जुळणी'वरही मी ठाम आहे.

अनुवादिनी :
समितीची बैठक शनिवारी आहे. वाक्यात 'केंद्र लावा' आणि चिठ्ठीवर 'जुळणी' असे दोन्ही मांडणार आहे. आकाराने मोठ्या त्या गोल बटणाला अजून नाव मिळालेले नाही; 'कळ' आणि 'चावी' यांखेरीज कोणाच्या घरी वेगळा शब्द वापरात असल्यास कृपया तो गावासह लिहावा.