अनुभव धागा: मनसर-रामटेकच्या खाणवाटा आणि उन्हातली पायपीट

रानबोर (धागाकर्ती)

सकाळी नागपूरहून निघायचं, दिवसभर चालायचं आणि दिवेलागणीला घरी, अशा वाटांसाठी हा धागा. भाग मुख्यतः आपल्या जिल्ह्यातला मँगनीजचा पट्टा: मनसर, कांद्री, रामटेक, सातूक, बेलडोंगरी, इकडे खाप्याजवळचं गुमगाव. बाहेरदेशी वाळवंटातल्या जुन्या खाणींच्या वाटा चालून आलेल्यांनीही लिहावं, कारण ऊन आणि पाण्याचं गणित सगळीकडे तेच. विनंती एकच. "मस्त जागा, नक्की जा" एवढ्यावर थांबू नका. किती वाजता निघायचं, पाणी किती, कुठे वाट फसवते, कुठे पाऊल टाकायचं नाही, हे लिहा. चालू खाणीच्या हद्दीतून जाणाऱ्या आडवाटा इथे कोणी सुचवू नयेत.

भूगर्भ

आधी जमीन समजून घ्या, मग चालताना नजर बसते. या पट्ट्यात 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली. तिचंच पुढे सीपीएमओ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी) झालं आणि 1962 ला आजची मॉइल, म्हणजे मँगनीज काढणारी सरकारी कंपनी. मॉइलचं मुख्यालय नागपुरातच आहे. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवरचा मोठा अहवाल 1909 मध्ये प्रसिद्ध केला आणि इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्रात ते अजून चालतं.

गोंडाइट ओळखायला सोपा. पांढरट क्वार्ट्झ आणि त्यात पिवळट-नारिंगी दाणे. ते दाणे म्हणजे स्पेसार्टिन, मँगनीजचा गार्नेट. कुठे गुलाबी पट्टा दिसला तर ऱ्होडोनाइट असण्याची शक्यता मोठी. खरं धातुक, म्हणजे ज्यातून मँगनीज काढतात तो दगड, काळं आणि हाताला जड. त्यातल्या ब्राउनाइट या खनिजाचं विशिष्ट गुरुत्व 4.7 ते 4.8, म्हणजे साध्या गोट्याच्या पावणेदोनपट वजन. बोट काळं झालं तर तो पायरोलुसाइटसारखा मऊ प्रकार, ब्राउनाइट बोटाला तसा लागत नाही. ही ओळख रस्त्याकडेच्या सुट्या दगडावरही पटते. दगड पाहा आणि तिथेच ठेवा, कारण खनिजावर खाणीचा पट्टा घेतलेल्याचा हक्क असतो आणि वनजमिनीवरून परवानगीशिवाय दगड उचलणं गुन्हा ठरू शकतो.

एक उपयोगाची गोष्ट. बेलडोंगरीच्या धातुकात व्रेडेनबर्गाइट नावाचं चांगलंच चुंबकीय खनिज सापडतं. धातुकाच्या ढिगाजवळ किंवा लोखंडी फाटकाजवळ उभं राहून होकायंत्र वाचू नका, फोनमधलंही नाही. पन्नास-साठ पावलं दूर जा, मग दिशा घ्या.

रामगिरीचा पायथा

नवख्यांनी सुरुवात रामटेकपासून करावी. एसटी कामठी, कन्हान, मनसर करत जाते, रेल्वेनेही जाता येतं. बसने जाताना घोळ होतो तो कांद्रीचा. कन्हानला लागून एक कांद्री आहे आणि मनसरजवळ खाणीची कांद्री वेगळी. तिकीट काढताना "कांद्री माइन" असं स्पष्ट सांगा.

रामटेकला गाडीरस्त्याने वर जाऊ नका, चालायचंच आहे तर अंबाळा तलावाच्या बाजूने जुन्या दगडी पायऱ्यांनी चढा. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, दव पडलेल्या सकाळी निसरड्या असतात. चढताना तितकं जाणवत नाही, उतरताना टोंगळे बोलू लागतात, म्हणून काठी घ्या. वर गडमंदिर, वाटेत वाकाटककाळातली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरं, शिवाय कालिदास स्मारक. तटावरून खिंडसी तलावाचं पाणी दिसतं. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, नऊच्या पुढे ते उठलं की पलीकडच्या टेकड्यांच्या रांगा एकामागे एक उघडतात. नंतर ऊन चढतं तशी हवा धुरकट होते. फोटोसाठी तो मधला तासच खरा.

माकडांपासून सांभाळा. खाण्याची पिशवी हातात दिसली की हिसकलीच. पाठीवरच्या बॅगेत चेन लावून ठेवा आणि पाठ फिरवून उभे राहू नका.

दुसरा टप्पा मनसरचा. हिडिंबा टेकडीवर 1998 पासून उत्खनन झालं आणि विटांची मोठी वास्तू वर आली. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष. विटांच्या कडांवर पाय देऊ नका, ठरलेल्या वाटेनेच फिरा. इथे उभं राहिलं की एकाच गावाच्या शिवारात दीड हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम आणि विसाव्या शतकातली खाण दोन्ही आहेत हे ध्यानात येतं. मला या पट्ट्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं.

मनसर ते रामटेक रस्त्याने साधारण सहा किलोमीटर. तेवढा टप्पा ऑटोने करा. डांबरी रस्त्यावर वाहनांच्या धुरात पाय दमवण्यात काही राम नाही.

सावलीचा_हिशेब

पाऊस बऱ्यापैकी पडतो म्हणून हा वाळवंट नाही असं म्हणतात. मार्चमध्ये येऊन बघावं. इथलं जंगल शुष्क पानझडी. साग, ऐन, धावडा पानं टाकून उघडे पडतात, झाड असतं आणि सावली नसते. पळस फुलतो, डोळ्याला फार सुंदर, पण त्याखाली बसून थंडावा मिळत नाही. मुरूम तापतो तो वेगळाच. नागपूरचं तापमान 23 मे 2013 ला 47.9 अंशांवर गेलं होतं. त्यामुळे माझं मत ठाम आहे: पायी भटकंती नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्चमध्ये सकाळी दहाला परत गाडीपाशी. एप्रिल-मे मध्ये नाहीच.

डिसेंबरअखेर सूर्योदय पावणेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेपाचच्या थोडा पुढे. उजाडताच पहिलं पाऊल टाकायचं, साडेअकराला जिथे असाल तिथून परत फिरायचं. शिखर दिसत असलं तरी.

पाणी: डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा किलोमीटरला माणशी 3 लिटर, फेब्रुवारीत 4 ते 5. चार लिटर म्हणजे चार किलो ओझं, म्हणून एक मोठी बाटली करू नका, लिटर-लिटरच्या करा. दोन बाहेर, दोन आत. ज्या क्षणी बाहेरच्या दोन संपल्या त्या क्षणी परत. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पाव लिटर.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस आणखी पाणी पितो. एका लिटरला ओआरएसचं एक अख्खं पाकीट, अर्धं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाच्या बाबतीत अंदाजपंचे चालत नाही. सोबत संत्री घ्या, सालं परत आणा. खायला भाकर-ठेचा, गूळ-शेंगदाणे. तर्री-पोहे निघताना पोटभर नकोत, तेल-तिखटाने तहान वाढते.

रानबोर

उन्हाचा त्रास झालाच तर नेमकं काय करायचं, कोणी नीट सांगेल का? दरवेळी सगळे एकदम वेगवेगळं सुचवतात.

प्रथमोपचारवाली_ताई

ताई, दोन अवस्था वेगळ्या ओळखा. घाम भरपूर, चक्कर, पोटरीत गोळे, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, ओआरएस घोट घोट. तासाभरात बरं वाटलं तरी त्या दिवशीचं चालणं संपलं.

बोलणं असंबद्ध, चाल अडखळती, अंग भट्टीसारखं, शुद्ध हरपतेय: हा उष्माघात. यात घाम असूही शकतो, म्हणून "अंग कोरडं नाही, मग उष्माघात नाही" असं धरून बसू नका. 108 ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत असतानाच थंड करायला लागा. कपडे सैल करा, दुपट्टे भिजवून अंगावर पसरा आणि जोरात वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओला कपडा पुन्हा पुन्हा बदला. पिण्याचं पाणी यासाठी खर्च होत असेल तर होऊ द्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप आजाराचा नसतो.

सापाचंही सांगून टाकते. घोणस, नाग, मण्यार तिन्ही आहेत. चावलेला अवयव हलू देऊ नका, काठीने आधार बांधा, अंगठी-कडं काढा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नको. चालवत न्यायचं नाही, उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि थेट सरकारी रुग्णालय. सापाचा फोटो घ्यायला मागे जाऊ नका.

जुना_ओव्हरमन

खाणीच्या कडांबद्दल लिहितो, कारण लोक तिथेच सर्वात निष्काळजी असतात.

बंद पडलेला खड्डा दुरून तळ्यासारखा दिसतो. हिरवं-निळं पाणी, आजूबाजूला लालसर मुरूम, मधून काळे पट्टे. तळ्याला उतार असतो, खाणीच्या खड्ड्याला पायऱ्या असतात. पाण्याखाली एक पायरी घोट्याइतकी आणि पुढचं पाऊल एकदम पुरुषभर खोल. वर चढायला पकड मिळत नाही, ओला मुरूम हातात येतो. त्यात पोहायचं नाही, पाय धुवायलाही उतरायचं नाही.

काठावर उभं राहण्याआधी जमीन बघा. काठाला समांतर गेलेली भेग दिसली, मग ती बोटभर रुंद का असेना, तर भेगेपासून काठापर्यंतचा सगळा भाग सुटलेला समजा. पावसाळ्यात पाणी त्या भेगेत शिरतं आणि दिवाळीनंतर कधीतरी तो अख्खा तुकडा जातो. म्हणून पावसाळ्यानंतरचे पहिले दोन महिने काठ सर्वात धोक्याचे, नेमके तेव्हाच लोक येतात. गवताने झाकलेली भेग काठीने टोचून कळते. ढिगाऱ्यावर चढणंही टाळा. टाकाऊ दगड ओतला की तो जेमतेम घसरणार नाही अशा तिरक्या उतारावर थांबतो, वरून एकाने पाय दिला की खालचा घसरतो. एकाखाली एक चालणं तर अजिबात नको.

जुन्या बोगद्याच्या तोंडाशी गार वारा लागतो म्हणून लोक सावलीला बसतात. बसू नका. आत हवा साचलेली असते, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. तो जड असल्याने खोलगट भागात थांबतो. वास नाही, रंग नाही, दोन-चार श्वासांत माणूस खाली. त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. शिवाय जुन्या लाकडी फळ्यांवर माती साचून तयार झालेली जमीन खरी जमीन नसते, खाली कूपक (खाणीची उभी विहीर) असू शकतो.

चालू खाणीच्या बाजूने गावरस्ता जात असेल तर भोंगा आणि लाल झेंडे ओळखा. भोंगा झाला की सुरुंग उडणार. अर्धा किलोमीटर दूर राहा आणि 'सुरक्षित'चा भोंगा झाल्याशिवाय पुढे निघू नका. पहारेकरी थांबवतो तेव्हा वाद घालू नका, तो दगड कुठवर उडतो हे बघून असतो.

कुसळ

छोट्या पण हमखास छळणाऱ्या गोष्टी. नोव्हेंबर-डिसेंबरात कुसळी गवत पिकलेलं असतं. लोकरी मोजे घातले तर तासाभरात मोज्याची गोधडी होते आणि कुसळ फिरत फिरत कातडीत शिरतं. गुळगुळीत नायलॉनची पँट, मोज्यावरून पोटरीपर्यंत कापडी पट्टी. सोबत चिमटा ठेवाच, बाभळीचा काटा बुटाच्या तळव्यातून आत येतो. तळवा जाड आणि खाचा खोल हव्यात. मुरुमाच्या उतारावर टाच आधी टेकवली की घसरता, अख्खं पाऊल टेकवा, गुडघा थोडा वाकलेला.

आग्या मोहोळ कड्यांना आणि उंच झाडांना लटकलेलं असतं. अत्तर, धूर, ढोल, ड्रोन हे सगळं त्यांना चिडवतं. हल्ला झालाच तर तोंड झाकून सरळ रेषेत पळा, थांबून झटकू नका, पाण्यात उडी नको. नांगी दिसेल तशी लगेच खरवडून काढा.

मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे माणसं जातात, अस्वलंही तिथेच येतात. तसं झाड दिसलं की लांबून वळा. पेंचच्या बाजूला वनखात्याची हद्द कुठे लागते हे आधी विचारून घ्या, परवानगीशिवाय आत पायी जाता येत नाही.

वाळूची_वाट

मुलांकडे अमेरिकेला जाणारे बरेच जण डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात जातात, त्यांच्यासाठी. जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. 10 जुलै 1913 ला तिथल्या फर्नेस क्रीकला 56.7 अंश नोंदले गेले. उन्हाळ्यात सखल भागात सकाळी दहानंतर चालू नका असं उद्यानच सांगतं. पाणी माणशी दिवसाला 4 लिटर, गाडीत वेगळा साठा.

ज्येष्ठांसाठी हार्मनी बोरॅक्स वर्क्स उत्तम, अर्ध्या तासाची सपाट फेरी. 1883 ते 1888 इथे टाकणखार तयार होत असे आणि खेचरांच्या लांबलचक गाड्यांतून रेल्वेपर्यंत जात असे. दमसास असेल तर कीन वंडर ही सोन्याची जुनी खाण. हवाई दोरमार्गाचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत. वरच्या टोकापर्यंत जाऊन येऊन सुमारे 5 किलोमीटर, चढ साडेचारशे मीटरच्या आसपास आणि सावलीचा एक ठिपका नाही. मनोऱ्यांना टेकू नका, लाकूड वाळून फुटलेलं आहे.

ऊन वाढलेलं असेल तर वाइल्डरोझकडे वळा. तिथे 1877 च्या दहा दगडी कोळसाभट्ट्या आहेत, शिसे-चांदीच्या खाणीच्या भट्टीसाठी बांधलेल्या, प्रत्येकी साडेसात मीटर उंच. जागा 2,000 मीटरच्या वर आहे. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, त्यामुळे खालच्या खोऱ्यापेक्षा तिथे बराच गारवा. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. आकाशात ढग असतील तर घळईत शिरू नका, पाऊस दूर कुठे पडतो आणि लोंढा तुमच्या घळईतून येतो.

अडाशाचा_गणपती

लहान मुलं किंवा वयस्कर सोबत असतील आणि खाण आतून दाखवायची इच्छा असेल, तर सावनेरकडे चौकशी करा. वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) एमटीडीसीसोबत भूमिगत कोळसा खाण दाखवण्याचा उपक्रम तिथे सुरू केला होता. आधी फोन करून चालू आहे का, वयाची अट काय, हे विचारूनच निघा. आत जायचं तर बंद बूट, सुती कपडे, आणि काडेपेटी, लायटर, फोन बाहेर. दुपारी अडाशाच्या टेकडीवर गणपतीचं दर्शन होतं, पायऱ्या मोजक्याच आहेत.

रानबोर

छान माहिती जमली. जुना_ओव्हरमन भाऊ, गुमगाव-खाप्याच्या बाजूला कन्हानच्या काठाने चालता येईल अशी, खाणीच्या हद्दीबाहेरची वाट माहीत असेल तर सुरुवात, अंतर आणि वाटेत हातपंप कुठे लागतो तेवढं लिहा. सध्या पाणी किती न्यावं याचा हिशेब त्यावरच अडला आहे.